थंडीत चोकशिवाय न टिकणारी स्प्लेंडर: नवा कार्बोरेटर घेण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ ची स्प्लेंडर, ६८ हजार किलोमीटर झालेली. राहायला निफाड तालुक्यात, पहाटे पाचला बागेवर जायचं. थंडी पडली की पंधरा-वीस किका माराव्या लागतात. चोक लावला की गाडी चालू होते, काढला की फडफडून बंद पडते. दहा-बारा मिनिटं चोकवर ठेवली तर कशीबशी निघते, तीही अर्ध्या चोकवर. मायलेज ६५ वरून ४८ वर आलंय. प्लग बदलून झाला, कार्बोरेटर एकदा 'साफ' करून झाला, आणि आता गॅरेजवाला नवा कार्बोरेटर टाका म्हणतोय.

भाऊ, नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. सव्वीस वर्षं दुचाकींचं काम करतोय आणि निम्मी वर्षं याच पट्ट्यातल्या गाड्यांवर गेली. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अशाच तक्रारीच्या चार गाड्या उभ्या असतात. त्यातल्या बहुतेकींचा कार्बोरेटर चांगला असतो आणि चोकही चांगला असतो. कार्बोरेटरमधल्या एका बारीक वाटेने पेट्रोल कमी येत असतं आणि ती तूट चोक भरून काढत असतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या गाडीचंही तेच दिसतंय.

आधी एक गोंधळ काढून टाकू. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा म्हणजे जेट. आपल्याकडे गॅरेजात 'जेट चोक झालाय' म्हणजे जेटमध्ये कचरा अडकलाय, आणि 'चोक लाव' म्हणजे ती दांडी फिरव. शब्द एक, गोष्टी दोन. 'कार्बोरेटर चोक झालाय' ऐकून गिऱ्हाइकाला वाटतं चोकची दांडी बिघडली, आणि मग तीच बदलून घेतली जाते. खाली मी चोक म्हणेन तेव्हा दांडीचाच चोक. कचऱ्याला मी 'जाम' म्हणतो.

पेट्रोल द्रव असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पण गार इंजिनात आलेल्या पेट्रोलपैकी थोड्याचीच वाफ होते, बाकीचं इनलेट पाइपच्या गार भिंतीला चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त ओतावं लागतं, म्हणजे त्यातली पुरेशी वाफ तरी सिलिंडरपर्यंत पोचते. चोक एवढंच करतो. स्प्लेंडरच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या तोंडाशी पितळी दांड्यावर एक गोल पाती असते. ती आडवी आली की हवा अडते, आत ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त खेचलं जातं. सिलिंडरला हात लावून ऊब कळायला लागली, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, चोकची गरज संपायला हवी. त्यानंतरही गाडी चोक मागत असेल तर चोकशिवाय तिला पुरेसं पेट्रोल मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी ही तपासणी करा. गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून पूर्ण गरम करा. स्टँडवर लावून स्लोवर, म्हणजे मूठ न पिळता, चालू ठेवा आणि चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत लावा. इंजिन गुदमरलं, आवाज जड झाला, बंद पडायला आली तर हवा-पेट्रोलचं मिश्रण मुळात बरोबर आहे, पेट्रोलच्या मागे लागू नका, प्लग, करंट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. उलट आवाज मोकळा झाला, स्लो वाढला, गाडी सुधारली तर स्लोच्या वाटेने पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी फालतू हवा घुसतेय. आणि काहीच फरक पडला नाही तर चोकच काम करत नाहीये. तुमच्या गाडीत दुसरं उत्तर येईल असा माझा अंदाज आहे. मायलेज पडल्याचं कारणही मग वेगळं शोधायला नको. रोज दहा मिनिटं चोकवर उभी आणि वर अर्ध्या चोकवर प्रवास, तर पेट्रोल जाणारच.

आणखी एक खूण. चोक काढून गाडी स्लोवर बंद पडते, पण पाव मूठ अ‍ॅक्सिलेटर धरला तर टिकते का? टिकत असेल तर मेन जेट आणि निडलची, म्हणजे मूठ उघडल्यावर पेट्रोल देणारी, बाजू ठीक आहे. बंद मुठीवर इंजिनाला पेट्रोल देतो तो स्लो जेट, आणि तुमचा कार्बोरेटर 'साफ' झाला तेव्हा नेमका तोच राहिला असावा. घाईच्या वेळी काय होतं ते मला माहीत आहे: पेट्रोल साठवणारी खालची वाटी काढायची, कचरा पुसायचा, मेन जेटमधून फुंकर मारायची, वाटी परत लावायची. मेन जेटचं भोक मोठं, ते सहसा जाम होतच नाही.

स्लो जेटचं भोक ०.३५ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतं, शिवणाच्या सुईहूनही बारीक. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळसर-तपकिरी, व्हार्निशसारखा थर राहतो. भोक पूर्ण बुजायचीही गरज नाही. कडेने थोडासा थर बसला तरी उन्हाळ्यात चालणारी गाडी थंडीत रुसते, कारण उन्हाळ्यात तेवढ्या कमी पेट्रोलचीही वाफ होऊन भागतं, थंडीत भागत नाही. म्हणून लोकांना वाटतं बिघाड थंडीने झाला. तो बहुतेक वेळा पावसाळ्यापासूनच तिथे असतो.

काम असं करा. कॉक बंद करून वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. प्लॅस्टिकची नको, काचेचीच. बाटली उजेडात धरून दोन मिनिटं हलवू नका. तळाशी पाण्याचे गोळे किंवा वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी गेलंय, आणि मग कार्बोरेटर कितीही धुतला तरी आठ दिवसांत तेच. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, कॉकची जाळी धुवा, टाकीच्या झाकणाचं रबर बघा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. टाकीत कॉकचं रिझर्व्हचं तोंडही तळालाच असतं, म्हणजे रिझर्व्हवर टाकली की इंजिनाकडे पहिला घोट त्याचाच जातो.

वाटीचे स्क्रू काढताना साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, डोकं सटकतं. नीट बसणारं टोक घ्या, दाबून धरा, मग फिरवा. स्लो जेट काढायला रुंदीला बरोबर बसेल असा चपटा ड्रायव्हर लागतो. पितळ मऊ असतं, खाच एकदा तुटली की जेट आतच राहतो. काही कार्बोरेटरमध्ये तो ठोकून बसवलेला असतो, तो निघायचा नाहीच; जबरदस्ती करू नका, जागेवरच साफ करा. निघालेला जेट ट्यूबलाइटसमोर धरून आरपार बघा. भोक एकदम गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी. पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल नसून अष्टमीसारखं दिसलं तर चोर सापडला. घरातल्या लवचिक वायरमधली तांब्याची एक बारीक तार त्यातून अलगद फिरवा. टाचणी, पोलादी तार, गिटारची स्टीलची तार यातलं काही घालू नका. भोक जरासं जरी मोठं झालं तरी जेट गेला, आणि मग तो बदलल्याशिवाय ती गाडी नीट ट्यून होत नाही. जेटच्या अंगावर बाजूने बारीक छिद्रं असतात, तीही मोकळी करा.

आता जो भाग सगळ्यात जास्त राहून जातो तो. जेट साफ झाला तरी पुढची वाट जाम असू शकते. जेट काढलेल्या भोकात कार्ब क्लीनरची नळी घालून फवारा मारा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. इंजिनाच्या बाजूला स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) पुढे, हवेच्या मुख्य नळीच्या तळाशी एक-दोन टाचणीएवढी छिद्रं असतात, तिथून सरळ, जोरकस पिचकारी उडायला हवी. नुसतं ओघळलं तर वाट अजून बंद आहे. फवारा मारताना चष्मा लावा. तो कुठल्या तोंडातून उलटा येईल सांगता येत नाही, आणि डोळ्यात गेला तर दिवस वाया जातो.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो आत फिरवत न्या, किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजून कागदावर लिहा, मगच काढा. त्याच्या खाली स्प्रिंग, छोटा वॉशर आणि ओ-रिंग (रबराची बारीक कडी) असते. ही ओ-रिंग बाजरीच्या दाण्याएवढी, आणि मागच्या वेळी साफ करताना हरवलेली असणं अगदी शक्य आहे. ती नसली की तिथूनच हवा घुसते.

हा स्क्रू फिरवायचा कुठे, यावर फार घोळ होतो, म्हणून नीट सांगतो. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू: आत घेतला की हवा कमी, मिश्रण दाट. स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा: बाहेर काढला की पेट्रोल जास्त, मिश्रण दाट. दिशा उलट्या आहेत. एका गाडीवर शिकलेली दिशा दुसरीवर वापरल्यामुळे बिघडलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे येतात. सुरुवात दीड ते दोन फेरे उघडा ठेवून करा. गाडी गरम करा, मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे स्लो सगळ्यात उंच आणि सलग लागतो तिथे थांबा. नंतर स्लोचा स्क्रू कमी करून मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास आणा. स्प्लेंडरला आरपीएमचा मीटर नाही, पण ठोके एकसारखे लागले आणि हँडल थरथरलं नाही म्हणजे झालं. थंडीपुरता स्क्रू आठवा भाग फेरा दाट बाजूला सरकवला तर हरकत नाही. इंजिनाकडचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे उघडूनही गाडी सुधारत असेल तर जेट अजून जाम आहे, स्क्रूने तो रोग झाकू नका.

ही ट्यूनिंग करायच्या आधी हवेची गळती मात्र तपासा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. कार्बोरेटर आणि इनलेट पाइपच्या मध्ये काळा इन्सुलेटर आणि ओ-रिंग असते. दोन नट जास्त आवळले की कार्बोरेटरचा कान वाकतो, मधला भाग उचलला जातो आणि तिथून हवा जाते. गाडी स्लोवर असताना त्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला किंवा फेस आत ओढला गेला तर गळती आहे. पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही तपासणी करतात तेही मी बघतो. तापलेल्या इंजिनावर ते करू नका. कान वाकला असेल तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा हात देऊन सपाट घासता येतो. ओ-रिंग नवी टाका, दहा-वीस रुपयांचं काम आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या गाडीला लागू आहे म्हणून इथेनॉलचं सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०११ ची गाडी त्या इंधनासाठी बनलेली नाही. त्या मिश्रणाला पूर्ण जळायला हवा कमी लागते, १४.७ च्या जागी साधारण १३.५, म्हणजे जेट तेच राहिले तर मिश्रण आपोआप पातळ पडतं. वर इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. दोन्ही गोष्टी गार इंजिनाच्या विरोधात जातात. म्हणून सगळं स्वच्छ करूनही पूर्वीपेक्षा अर्धा-एक मिनिट जास्त चोक लागला तर घाबरू नका. पण दहा मिनिटं हे इथेनॉलचं काम नाही. जुन्या पेट्रोल पाइप आणि ओ-रिंगा मात्र बघून घ्या. फुगलेल्या किंवा कडक झालेल्या असतील तर बदला.

आता समजा गरम इंजिनावर चोक लावून काहीच फरक पडला नाही. मग एअर फिल्टरची नळी काढा, टॉर्च मारा आणि दुसऱ्याला दांडी फिरवायला सांगा. दांडी फिरते पण पाती पूर्ण आडवी येत नाही, असं बऱ्याचदा असतं. बघताना पातीचे दोन छोटे स्क्रूही बघा. एका दूधवाल्याची गाडी माझ्याकडे चोक लागत नाही म्हणून आली होती. पाती एका स्क्रूवर लोंबत होती, दुसरा जागेवर नव्हता. तो इंजिनाने गिळला होता. पिस्टनवर खड्डा आणि एक व्हॉल्व्ह वाकलेला. हे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले असतात, ते सैल दिसले तर गाडी त्या क्षणी बंद ठेवा.

पल्सर, आरएक्स १००, बुलेट अशा गाड्या असणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. त्यांच्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये पाती नसते, छोटा प्लंजर असतो. तो उचलला की पेट्रोलची वेगळी वाट उघडते. ही वाट मूठ पूर्ण बंद असेल तरच ओढ घेते. किक मारताना अ‍ॅक्सिलेटर दिला की तो चोक असून नसल्यासारखा. 'चोक लावतो, रेस देतो, तरी चालू होत नाही' या तक्रारीत मी पहिल्यांदा माणसाचा उजवा हात बघतो. प्लंजरच्या टोकाचं रबर कडक झालं किंवा केबलला एक-दोन मिलिमीटर ढील नसली तर चोक कायम थोडा उघडा राहतो: प्लग काळा, मायलेज कमी, गरम गाडी चालू व्हायला त्रास. जुन्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा ऑटो चोक विजेने तापून बंद होतो. त्याची वायर तुटली की तो कायम लागलेला राहतो, आणि आतलं मेण अडकलं की थंडीत लागतच नाही. काढून बॅटरीला जोडा. काही मिनिटांत त्याची सुई हळूहळू पुढे सरकली तर तो ठीक आहे.

बाकीचं भराभर. दहा किका मारून प्लग काढा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर करंट कमी किंवा गाडी ओव्हर झालीय, म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन प्लग भिजलाय. ओव्हर झाली असेल तर चाबी बंद, चोक काढलेला, मूठ पूर्ण उघडी, सात-आठ किका, मग पुसलेला प्लग लावून चालू करा. किक हलकी लागत असेल तर टॅपेट तपासून घ्या. आवळलेला टॅपेट कॉम्प्रेशन खातो. ऑइल १०डब्ल्यू-३० च टाका. जाड ऑइलने पहाटे किक जड होते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, गळतेय, मग निडल आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत गाडी चालवू नका. मायलेजसाठी एअर फिल्टरचा कागद काढून टाकणारे आहेत, तसं कुणी तुमच्या गाडीत केलंय का तेही बघा. आणि धुक्याच्या दिवशी दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गाडी दम तोडते, पाच मिनिटं उभी केली की आपोआप ठीक होते, असं झालं तर तो बिघाड नाही. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर इतका गार पडतो की हवेतलं पाणी आत बर्फ होऊन बसतं.

हे काम झालं की पहाटे अशी चालू करा. कॉक उघडून अर्धा मिनिट थांबा, वाटी भरू द्या. चाबी बंद, चोक पूर्ण, मूठ बंद, दोन-तीन किका हळू आणि पूर्ण खालपर्यंत. मग चाबी चालू आणि एक जोराची. चालू झाली की अर्ध्या मिनिटात चोक अर्ध्यावर, एक-दीड मिनिटात पूर्ण काढा आणि पहिला किलोमीटर हळू जा. चोकवर दहा मिनिटं उभी ठेवली की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, प्लगही काळा पडतो. आणि थंडी आहे म्हणून पडवीचं दार लावून आत गाडी चालू ठेवत असाल तर आजपासून बंद करा. चोकवर चालणारी गाडी कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडते, त्याला वास नसतो, आणि शेजारच्या खोलीत पोरं झोपलेली असतात. गाडी आधी अंगणात काढा, मग किक मारा.

गरम इंजिनावर चोकने काय केलं, प्लगचा रंग काय होता आणि स्क्रू किती फेरे उघडा सापडला, या तीन गोष्टी कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.